पाव चमचा साखर आणि परार्धांचा हिशेब

वडखळ नाक्यावर एसटीतून उतरा. एक रस्ता नागोठण्याकडून गोव्याला निघालाय, दुसरा पोयनाडवरून अलिबागला. टपरीवर चहा सांगा आणि चहावाल्याच्या हाताकडे नीट बघा. एक चमचा साखर. सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात साखर किती असते? तेवढीच! अंगात ५ लिटर रक्त, आणि त्या सगळ्या रक्तात मिळून एक चमचा साखर.

हिशेब सोपा आहे. तपासणीच्या कागदावर १०० आकडा येतो, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर. ५ लिटरला ५ ग्रॅम. हाच उपाशीपोटीचा आकडा १२६ झाला, पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, की डॉक्टर म्हणतात मधुमेह. १२६ म्हणजे ६.३ ग्रॅम. वाढली किती? १.३ ग्रॅम. पाव चमचा!

पाव चमच्याने काय बिघडते? चला, बोट धरा. या पाव चमच्यामागोमाग आपल्याला हृदयापर्यंत जायचे आहे, आणि वाटेत असे आकडे भेटणार आहेत की लाख-कोटी चिल्लर वाटावेत.

आधी हृदय पाहू. वजन सुमारे ३०० ग्रॅम. मुठीएवढे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १ लाख ३ हजार ६८०. वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. सत्तर वर्षांत २६५ कोटी! मध्ये सुट्टी नाही, दुरुस्तीसाठी बंद नाही, गणपतीला गावी जाणे नाही. दर मिनिटाला हे यंत्र ५ लिटर रक्त ढकलते. वडखळहून अलिबागला पाऊण तासात पोहोचलात, तर तेवढ्या वेळात ३,२४० ठोके आणि २२५ लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर १५ हंडे! तुम्ही खिडकीशी बसून डुलकी काढलीत आणि छातीत कोणीतरी पंधरा हंडे पाणी भरले.

दिवसाला ७,२०० लिटर होतात. पेणच्या खारेपाटात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हा आकडा सांगा, त्याला तो लगेच कळेल. १० हजार लिटरचा टँकर हृदय ३३ तासांत रिकामा करते. वर्षाला २६२ टँकर. सत्तर वर्षांत १८ हजारांहून जास्त! ४ मीटर रुंद विहीर घ्या, तिच्यात ५ मीटर पाणी. हृदयाच्या पंपाने ती नऊ दिवसांत तळ दाखवेल.

एवढ्या कामाला जळण किती लागत असेल? पेशींचे चलनी इंधन म्हणजे एटीपी. हृदय दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी तयार करते आणि तेवढेच खर्च करते. स्वतःचे वजन ३०० ग्रॅम, रोजची उलाढाल ६ किलो. वीसपट! साठ किलोच्या माणसाने रोज १,२०० किलो धान्य दळावे आणि रोजच संपवावे, असा हा प्रकार. आणि साठा किती? जेमतेम दहा सेकंदांचा. म्हणून हृदयाच्या स्नायूपेशीत जवळजवळ एक तृतीयांश जागा नुसत्या वीजघरांनी भरलेली असते. त्या वीजघरांचे नाव मायटोकॉन्ड्रिया.

वीजघर हा शब्द शोभेपुरता नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर सुमारे १५० मिलिव्होल्टचा दाब असतो. वाचून वाटेल, एवढासाच! घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. पण पडद्याची जाडी बघा: ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. तोच दाब एका मीटरवर पसरवून मोजला तर होतात ३ कोटी व्होल्ट! परतीच्या पावसात कोकणच्या आभाळात वीज कडाडते ती हवा फोडून, आणि कोरडी हवा फोडायला मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. त्याच्या दहापट जोर तुमच्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत, हजारो ठिकाणी, या घटकेला ताणून उभा आहे.

जिथे वीज, तिथे ठिणगी आलीच. या वीजघरांत ऑक्सिजन जाळताना थोडा ऑक्सिजन अर्धवट जळून निसटतो. हे निसटलेले कण फार आक्रमक असतात. दिसेल त्याच्यावर आदळतात, चरबीवर, प्रथिनांवर, थेट डीएनएवर. लोखंडावर गंज चढतो तसा शरीराला आतून गंज चढवतात. या गंजाचा जोर शरीराच्या दुरुस्तीपेक्षा वाढला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकाने २००१ मध्ये मांडले की साखर वाढली की वीजघरांत जळण जास्त शिरते आणि ठिणग्या वाढतात. तो पाव चमचा इथे येऊन पोहोचतो!

ठिणग्या पडतात तरी किती? कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातले ब्रूस एम्स यांनी अंदाज बांधला होता की माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएवर रोज सुमारे १० हजार आघात होतात. एका पेशीत! शरीरात पेशी साधारण ३० लाख कोटी. त्यातल्या बहुतेक तांबड्या रक्तपेशी, ज्यांच्यात डीएनए नसतोच. डीएनए असलेल्या उरतात सुमारे ३ लाख कोटी. आता गुणाकार करा. लाख-कोटीने भागत नाही ना? मग भास्कराचार्यांकडे जाऊ. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त त्यांनी अब्जापुढची पायरी न् पायरी नावानिशी मांडली आहे: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. महापद्म म्हणजे एकावर १२ शून्ये, मध्य म्हणजे एकावर १६. डीएनए असलेल्या पेशी ३ महापद्म. त्यांच्यावरचे रोजचे आघात ३ मध्य!

रुपयांत बघू. रुपयाही नको, प्रत्येक डागडुजीला फक्त एक पैसा द्या. दिवसाचे बिल येईल ३०० लाख कोटी रुपये. २०२५-२६ चा भारत सरकारचा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटींचा. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या डागडुजीला, पैसा-पैसा दराने, देशाचे सहा अर्थसंकल्प लागतील. उद्या पुन्हा सहा. परवा पुन्हा सहा! आणि शरीर हे काम फुकट करते, ओरडत नाही, पावती मागत नाही. बहुतेक सगळे आघात त्याच दिवशी भरून निघतात. कॅटालेज नावाचे एकच विकर एका सेकंदाला कोटींच्या घरात घातक रेणू फोडून त्यांचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. एक रेणू, एक सेकंद!

गंज म्हटले की वडखळकराला लोखंड आठवणारच. शेजारी डोलवीला, धरमतरच्या खाडीकाठी, जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना उभा आहे. क्षमता वर्षाला १ कोटी टन, म्हणजे दिवसाला २७ हजार टनांच्या वर. आता आपल्या अंगातले लोखंड बघा. माणशी सरासरी ३ ग्रॅम धरा, एखाद्या खिळ्याएवढे. जगातली ८०० कोटी माणसे, आणि त्या सगळ्यांच्या अंगातले लोखंड एकत्र केले तर २४ हजार टन. अख्ख्या मानवजातीचे लोखंड, आणि डोलवीच्या एका दिवसाच्या क्षमतेपुढे ते कमी पडते!

पण या खिळ्याचा पसारा ऐका. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात लोखंडाचे ४ अणू, म्हणजे पेशीगणिक १०८ कोटी अणू. दर सेकंदाला सुमारे २४ लाख तांबड्या पेशी आयुष्य संपवून मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. नाक्यावर चहा प्यायला पाच मिनिटे लागली, तेवढ्यात ७२ कोटी पेशी गेल्या. त्यांच्यातले लोखंडाचे अणू जवळजवळ ८ परार्ध! भास्कराचार्यांच्या शेवटच्या पायरीवर आपण एका कपात पोहोचलो. यातले बहुतेक लोखंड शरीर जपून पुन्हा वापरते. पण काही पेशी रक्तातच फुटतात, हिमोग्लोबिन मोकळे होते, आणि त्यातले लोखंड गंजाची ठिणगी टाकते. हे मोकळे हिमोग्लोबिन पकडायला रक्तात एक पहारेकरी फिरत असतो, हॅप्टोग्लोबिन. पकडायचे आणि गुपचूप हलवायचे, एवढेच त्याचे काम.

आता गोष्ट जनुकांकडे वळते. हा पहारेकरी कसा घडवायचा ते लिहिलेय डीएनएमध्ये. त्या ग्रंथात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत. सेकंदाला एक अक्षर वाचायचे, झोपायचे नाही, जेवायचे नाही, तर ९८ वर्षे लागतील. एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ धरला तर २ मीटर. ३ महापद्म पेशींतला एकामागे एक जोडला तर ६०० कोटी किलोमीटर! सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्यापर्यंत वीस वेळा जाऊन-येऊन. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरले तर ४ कोटी फेऱ्या. फेरीला तीन तास लावले आणि एक मिनिटही थांबला नाहीत, तर १३ हजार ६०० वर्षांहून अधिक काळ तुम्ही घाटातच!

ही ३१० कोटी अक्षरे रोह्याच्या स्टेशनात मांडायला बसू. प्रत्येक अक्षर एक मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याएवढे. रुळांच्या कडेने दाण्याला दाणा लावत निघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर. नद्या, बोगदे, पूल ओलांडत ठोकूरला पोहोचाल, तरी अक्षरे संपणार नाहीत. मागे फिरा, रोह्याला या. पुन्हा ठोकूर. पुन्हा रोहा. दोनदा जाऊन-येऊन झाले तरी शंभरावर किलोमीटर अक्षरे हातात उरतातच!

या खसखशीच्या वाटेवर एक दाणा वेगळा असतो. दहाव्या गुणसूत्रावर टीसीएफ७एल२ नावाचे जनुक आहे. तिथले एक अक्षर बदलले की मधुमेहाची शक्यता सुमारे दीडपटीकडे सरकते. आपल्या माणसांमध्येही हे घडते, हे २००७ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले गिरिराज चांडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तीन हजार किलोमीटरच्या वाटेत एक मिलिमीटर! २०२४ मध्ये २५ लाखांहून अधिक माणसांचे डीएनए तपासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी मधुमेहाशी जोडलेल्या ६११ जागा नोंदवल्या. २५ लाख माणसे! गच्च भरलेल्या लोकलमध्ये ५ हजार माणसे धरली तर ५०० लोकल भरतात. एवढ्या माणसांमधून ६११ जागा वेचून काढल्या.

आणि हॅप्टोग्लोबिन? सोळाव्या गुणसूत्रावर त्याच्या जनुकात काही माणसांमध्ये १,७०० अक्षरे लागोपाठ दोनदा आलेली असतात. १,७०० मिलिमीटर. कोकण रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर किती? १,६७६ मिलिमीटर. म्हणजे रोहा-ठोकूर दोनदा जाऊन-येऊन केलेल्या वाटेवर फक्त एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंतचा मजकूर दोनदा लिहिला गेला. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हीच लांबट प्रत आली, तर पहारेकऱ्याची पकड ढिली पडते, लोखंड रक्तात जास्त रेंगाळते, आणि साखर वाढलेली असेल तर गंजाला रान मोकळे मिळते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पाहणीत काय दिसले? मधुमेह असलेल्यांमध्ये दोन्ही प्रती लांबट असलेल्यांना हृदयविकाराचा धोका दोन्ही आखूड असलेल्यांच्या सुमारे पाचपट! दोन रुळांमधले अंतर, आणि पाचपट धोका. भारतात ही लांबट प्रत फार मोठ्या प्रमाणावर सापडते.

आता सगळ्या देशाकडे नजर टाका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितले, देशात मधुमेही १० कोटी १० लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रच ११ कोटी २४ लाखांचा होता. म्हणजे जवळजवळ एक महाराष्ट्रभर माणसे! लोकलमध्ये बसवली तर २० हजार २०० लोकल. एक लोकल पाव किलोमीटर लांब धरा, सगळ्या जोडा: ५,०५० किलोमीटरची एक गाडी. मुंबई-पुणे ३३ वेळा. इंजिन पुण्यात शिरेल तेव्हा मागचा डबा कुठे असेल याचा विचारही करवत नाही. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. आणखी २७ हजार २०० लोकल!

वडखळ नाक्यावरून सुटलेली ४४ आसनांची एसटी प्रौढ माणसांनी भरली असेल तर देशाच्या सरासरीने तिच्यात ५ मधुमेही. ती गोव्याची असेल तर? त्या पाहणीत गोवा सगळ्यांत वर, २६.४ टक्के. एका गाडीत ११-१२ जण!

त्यात मराठी अंगाची एक खूण पुण्याजवळच्या सहा गावांत सापडली. १९९३ पासून डॉ. याज्ञिकांच्या चमूने तिथल्या बाळांची मोजमापे घेतली. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधले बाळ सरासरी साडेतीन किलोंचे, आपले २.७ किलोंचे. हातपाय बारीक, पोट बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली! २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखे, २२.३. चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! साठ किलोच्या माणसात हा फरक सात किलोंहून जास्त भरतो, एक लिटरच्या तेलाच्या आठ पिशव्यांएवढा. आरशात दिसत नाही, काट्यावर दिसत नाही, आणि आठ पिशव्या आत!

आता परत त्या पाव चमच्याकडे या. शेवटचा हिशेब त्याचाच. १.३ ग्रॅम साखरेत रेणू किती? ४३ हजार परार्ध! भास्कराचार्यांची शेवटची पायरीसुद्धा इथे हजारोंनी मोजावी लागते. याला तोलायला काय आणू? लोकल पुरत नाहीत, विहिरी पुरत नाहीत, अर्थसंकल्प पुरत नाहीत. मग काळच घेऊ. विश्व जन्मून १,३८० कोटी वर्षे झाली. त्याचे सेकंद केले तर ४.३५ परार्ध. म्हणजे विश्वाच्या पहिल्या क्षणापासून आजपर्यंत, तारे पेटले, सूर्य झाला, पृथ्वी थंड झाली, सह्याद्री उठला, त्या प्रत्येक सेकंदाला १० हजार रेणू बाजूला टाकत आलो असतो, तर आज तो पाव चमचा भरला असता!

एवढा मोठा आहे पाव चमचा. आणि हे रेणू एकाच वेळी, एकाच अंगात, रात्रंदिवस त्या वीजघरांच्या दारात उभे असतात. एखाद्या पहारेकऱ्याची पकड जन्मजात ढिली असली की हृदयाला ते सोसत नाही.

मग गंजविरोधी गोळी घेऊन चालेल का? मोजून पाहिले आहे. ९,५४१ जणांवरच्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयाला काही लाभ झाला नाही. २००८ मध्ये इस्राएलमध्ये फक्त लांबट हॅप्टोग्लोबिनवाल्या १,४३४ मधुमेहींना तेच दिले, तेव्हा हृदयाच्या घटना ४.७ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर आल्या. आशा वाटावी असा आकडा आहे, पण त्यावर उपचार म्हणून शिक्कामोर्तब झालेले नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नका.

पायांचा हिशेब मात्र पक्का आहे. चेन्नईत उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास झाला. २००६ मध्ये निकाल आला: नुसत्या चालण्याने आणि खाण्यातल्या बदलाने तीन वर्षांत मधुमेहाची शक्यता २८.५ टक्क्यांनी उतरली. रोज अर्धा तास, ताशी ५ किलोमीटर, म्हणजे अडीच किलोमीटर. वर्षाला ९१२ किलोमीटर! मुंबई-पुणे तीनदा जाऊन-येऊन. रोह्याहून निघालात तर कोकण रेल्वेची अख्खी लांबी पायांखाली घालून वर १७१ किलोमीटर. चालणाऱ्या स्नायूंत वीजघरे वाढतात आणि ते रक्तातली साखर ओढून घेतात. चहातला पाव चमचा हाताने वगळता येतो. रक्तातला पाव चमचा हटवायला पाय लागतात.

हा लेख वाचायला दहा मिनिटे लागली असतील. तेवढ्यात हृदयाचे ७२० ठोके पडले, ५० लिटर रक्त ढकलले गेले, आणि अंगातल्या पेशींनी सुमारे दोन जलधी आघात सोसून बहुतेक भरूनही काढले. तुम्ही काहीच केले नाहीत, तरी तुमच्यासाठी एवढे झाले. आता चहाचा कप ठेवा आणि पोयनाडच्या रस्त्याने अर्धा तास चाला. तेवढ्या वेळात हृदय पुन्हा दोन हजारांहून जास्त वेळा उचंबळेल, आणि या वेळी तुमचे पाय त्याच्या मदतीला असतील.